पोटात काही कुजत नाही. छातीतला ‘गॅस’ मात्र आधी दाखवा

पत्र

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

आम्ही गुहागर तालुक्यात खाडीकाठच्या एका वाडीत राहतो. आंब्याची थोडी कलमं, नारळ-पोफळीचं आगर, आणि मे महिन्यात घरभर मुंबईकर. यंदा चौदा-पंधरा माणसं होती. मुलगा आता आठवीत जाईल, त्याला सुट्टीत पचनसंस्थेवर माहिती लिहायची आहे. त्यावरून घरात वाद सुरू झाला. सासूबाई (वय ७४) म्हणतात, रात्रीच्या जेवणावर फणस खाल्ला की सगळं पोटात कुजतं आणि वात धरतो. वाल खाल्ले की त्यांचं पोट टम्म फुगतं. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी त्या रोज घेतात. माझे मिस्टर (वय ४९) पाच-सहा वर्षं रोज रात्री पोट साफ होण्याचं चूर्ण घेतात. नाही घेतलं तर दोन-दोन दिवस होतच नाही. शिवाय त्यांना गॅस छातीत चढतो. आंब्याची पेटी घेऊन पाखाडी चढताना छाती भरून येते, मग गडग्यावर बसून सोडा पितात, ढेकर आली की बरं वाटतं. मुलाचे प्रश्न असे: अन्न कुठे किती वेळ असतं? माणूस उलटा टांगला तर घास पोटात जाईल का? पोटातलं ॲसिड पोटालाच का जाळत नाही? दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड येतं का, हे मलाही विचारायचं आहे. माझं म्हणाल तर रात्री घशाशी आंबट येतं, पण ते फार काही नाही. सगळ्यांचं उरकून मला जेवायला साडेदहा होतात, त्यामुळे असेल.

– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर

ताई,

मुलाची वही थांबेल. मिस्टरांची तपासणी थांबवू नका. तुमचं पत्र पचनाबद्दल आहे, पण त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ पचनाची नाहीच असं मला वाटतं.

तुम्ही लिहिलंत ते परत वाचा. पेटी घेऊन पाखाडी चढताना छाती भरते, बसल्यावर मोकळी होते. गॅसला चढ आणि सपाटी कळत नाही. तो जेवल्यावर होतो, वाकल्यावर होतो, बसल्या-बसल्याही होतो. ओझं घेऊन चढताना नेमाने येणारं आणि बसलं की जाणारं दुखणं हृदयाचं असू शकतं. चढताना हृदयाच्या स्नायूला जास्त रक्त लागतं. रक्तवाहिनी अरुंद झाली असेल तर ते पुरत नाही आणि छाती आवळते. माणूस बसला की मागणी कमी होते आणि दोन-पाच मिनिटांत आराम पडतो. तेवढ्या वेळात सोड्याची बाटली उघडून होते. ढेकर येते ती त्याच सोड्यातल्या वायूची, आणि श्रेय जातं सोड्याला. बरं वाटलं ते गडग्यावर बसल्याने.

यात मिस्टरांना भोळं म्हणायचं कारण नाही. अन्ननलिका आणि हृदय दोन्हींच्या संवेदना पाठीच्या कण्यात जवळजवळ एकाच पातळीवर शिरतात, त्यामुळे दुखणं नक्की कुणाचं हे मेंदूलाही उमगत नाही. तपासल्याशिवाय डॉक्टरलाही नाही. म्हणून याच आठवड्यात त्यांना फिजिशियनकडे न्या आणि तोवर पेट्या उचलणं बंद. डॉक्टरांना ‘गॅस होतो’ असं सांगू नका. ‘ओझं घेऊन चढलं की छाती भरते, बसलं की थांबते,’ या शब्दांत सांगा. रक्तदाब, साखर, तंबाखू-विडी काही असेल तर तेही लपवू नका. आडवं झोपवून काढलेला ईसीजी साधा आला म्हणून सुटलो असं समजायचं नाही. दुखणं नसताना तो बऱ्याचदा साधाच येतो, पुढची तपासणी डॉक्टर ठरवतील. आणि बसूनही दहा-पंधरा मिनिटांत छाती मोकळी झाली नाही, दरदरून घाम सुटला, दुखणं जबड्यात किंवा हातात उतरलं, तर सोडा, ओवा, लिंबूपाणी काही नको. सरळ १०८ ला फोन. मोटरसायकलवर मागे बसवून न्यायचं नाही. तपासणीत शेवटी गॅसच निघाला तर उत्तम, मला कळवा, मीही सुटकेचा श्वास टाकीन. पण ‘गॅसच होता हो’ असं आपल्याकडे तेराव्याला सांगितलं जातं, ते मी फार वेळा ऐकलं आहे.

आता चिरंजीवांची वही.

त्याला नुसता भात घ्यायला सांगा, उकड्या तांदळाचा असेल तर फारच छान. आमटी-मीठ काही नको. एक घास मिनिटभर चावत राहायचा, गिळायचा नाही. हळूहळू तो गोडसर लागायला लागतो. लाळेतलं अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) भातातल्या पिष्टाची साखर करायला लागलेलं असतं. म्हणजे पचन तोंडातच सुरू झालं. दिवसभरात आपल्याला लिटर-दीड लिटर लाळ सुटते. भुरके मारून जेवणाऱ्यांच्या घासाला तिचा पुरता उपयोगच होत नाही.

उलटा टांगला तरी घास जाईल. अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. घास तिच्यातून नुसता घसरत नाही, घासाच्या मागचा स्नायू आवळत आणि पुढचा सैल होत तो ढकलला जातो. आठ-दहा सेकंदांचं काम. पन्हळीवर पाणी पिणारी गाय बघायला सांगा. तिची मान खाली आणि पोट वर, तरी पाणी चढतंच. मात्र उलटं टांगून करून बघू नका. ठसका लागला तर श्वासनलिका शेजारीच आहे.

मग जठर. तुमच्या घरातला वाद इथलाच, म्हणून इथे जरा थांबते.

अन्न पोटात कुजतं ही सासूबाईंची समजूत अडाणीपणाची नाही. एके काळी युरोपातले विद्वानही यावर भांडत होते. पोट अन्न दळतं, शिजवतं, की कुजवतं? अठराव्या शतकात इटलीतल्या लाझारो स्पालान्झानी याने कापडाच्या लहान पिशव्यांत आणि लाकडी नळ्यांत अन्न भरून त्या स्वतः गिळल्या. जठररसात मांस विरघळतं आणि त्या रसात ते सडत नाही, हे त्याने दाखवलं. पण पोटात डोळ्यांनी बघायला मिळालं ते पुढे, आणि तेही एका अपघातामुळे. १८२२ मध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला अगदी जवळून बंदुकीचा बार लागला. विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टरने उपचार केले, माणूस वाचला, पण जखम भरताना जठराचं भोक पोटाच्या कातडीला जोडलं गेलं आणि ते कायमचं उघडं राहिलं. ब्यूमाँट रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडायचा आणि ठरावीक वेळाने ओढून बघायचा. रस काढून बाटलीत घ्यायचा, बाटली अंगाच्या उष्णतेइतकी गरम ठेवायचा, त्यात मांस टाकायचा. ते बाटलीतही विरघळत जायचं. माणूस संतापलेला असला की पचनाची लय बिघडते, हेही त्याने नोंदवून ठेवलं. हे सगळं १८३३ मध्ये पुस्तकरूपाने आलं. सेंट मार्टिन या प्रयोगांना कंटाळून अधूनमधून निघून जायचा, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. डॉक्टर गेल्यावर तो आणखी सत्तावीस वर्षं जगला.

त्या रसात असतं हायड्रोक्लोरिक आम्ल. रिकाम्या पोटी त्याचा सामू (pH) दीड-दोनच्या आसपास, म्हणजे लिंबाच्या रसाइतका किंवा त्याहूनही तीव्र. अशा जागी कुजवणारे बहुतेक जंतू तग धरत नाहीत. शिवाय पेप्सिन हे विकर प्रथिनं तोडतं. जठर स्वतः का जळत नाही, तर आतून चिकट श्लेष्माचा थर असतो, त्यात आम्ल मारणारा क्षार असतो आणि अस्तराच्या पेशी दर काही दिवसांनी नव्याने येतात. पेप्सिनही निष्क्रिय रूपातच तयार होतं आणि आम्लात आल्यावर कामाला लागतं. हे संरक्षण मोडलं की अल्सर होतो. तो तिखटाने आणि काळजीने होतो असं डॉक्टरही कित्येक वर्षं मानत. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूकडे बोट दाखवलं. लोकांचा विश्वास बसेना म्हणून मार्शलने १९८४ मध्ये तो जंतू चक्क पिऊन घेतला आणि जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. मुलगा आठवीतला आहे ना, त्याला हे आवडेल.

अल्सरचं दुसरं मोठं कारण तुमच्या घरातच आहे, सासूबाईंची गुडघ्याची गोळी. बऱ्याचशा वेदनाशामक गोळ्या शरीरातले जे पदार्थ अडवून दुखणं कमी करतात, तेच पदार्थ जठराचा तो श्लेष्माचा थर राखत असतात. चहाबरोबर घेतली, जेवणावर घेतली, तरी हा परिणाम रक्तातून होतोच. ७४ व्या वर्षी अशी गोळी रोज, दुकानदाराच्या सल्ल्याने, नको. गोळीचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. गुडघ्यासाठी दुसरे उपाय आहेत. आणि शी डांबरासारखी काळी, चिकट व्हायला लागली तर वाट बघू नका, पोटात रक्तस्राव झाल्याचं ते लक्षण असतं.

अन्न जठरात किती वेळ? साधं जेवण साधारण दोन ते चार तास. तळलेलं आणि नारळाच्या रसातलं जेवण त्याहून जास्त. पातळ पेज लवकर पुढे जाते. हा वेळ कुणी फुकट घालवत नसतो. तुम्ही धोपाव्याच्या जेटीवर गाड्यांची रांग पाहिली असेल. दाभोळची फेरीबोट घेते तेवढ्याच गाड्या घेते, बाकीच्यांनी थांबायचं, मे महिन्यात जास्त थांबायचं. जठराच्या टोकाची झडपही तशीच. घुसळून पार बारीक झालेला, पेजेसारखा लगदा ती थोडा-थोडा पुढे सोडते. पुढच्या लहान आतड्यात आम्ल आणि स्निग्ध पदार्थ पोचले की तिथून संप्रेरकं (हार्मोन्स) सुटतात आणि जठराला निरोप जातो की जरा दमाने. सिक्रेटिन हे त्यातलं एक संप्रेरक. बेलिस आणि स्टारलिंग यांनी ते १९०२ मध्ये लंडनमध्ये शोधलं, आणि संप्रेरक म्हणून ओळखला गेलेला तो पहिला पदार्थ. तेव्हा सुरमईची तुकडी, सोलकढी आणि वर मोदक खाऊन पोट जड वाटतं तेव्हा आत काही सडत नसतं. रांग मोठी असते, इतकंच.

लहान आतड्याच्या सुरुवातीच्या २५ सेंटिमीटरांत फार मोठं काम चालतं. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्तरस करतं, पित्ताशय तो साठवून दाट करतं आणि तेलकट जेवण आलं की सोडतं. त्याने तेलाचे बारीक-बारीक थेंब होतात. स्वादुपिंडाच्या रसातला क्षार जठरातून आलेलं आम्ल मारतो आणि त्यातली विकरं पिष्ट, प्रथिनं, चरबी तिन्ही तोडतात. खरं पचन इथलं. जठर काढून टाकलेली माणसं थोडं-थोडं खाऊन आणि काही जीवनसत्त्वं वरून घेऊन जगतात, लहान आतड्याशिवाय जगणं फार अवघड.

हे आतडं साधारण सहा मीटर लांब. आतून मखमलीसारखं, एक मिलिमीटरहूनही बुटक्या उंचवट्यांनी भरलेलं. त्यामुळे त्याचा आतला पृष्ठभाग सुमारे ३० चौरस मीटर, म्हणजे सव्वातीनशे चौरस फूट भरतो. जुन्या पुस्तकांत टेनिसच्या मैदानाएवढा लिहिलेला असतो. वहीत तो आकडा नको, अलीकडच्या मोजणीत तो बराच कमी भरला आहे. तीन ते पाच तासांत बहुतेक सगळं इथे शोषलं जातं. साखर आणि प्रथिनांचे तुकडे रक्तातून आधी यकृताकडे जातात, चरबी वेगळ्या वाटेने.

पाण्याचा हिशेब त्याला स्वतंत्र लिहायला सांगा, मला तो सगळ्यात थक्क करणारा वाटतो. आपण खाण्यापिण्यातून दिवसाला साधारण दोन लिटर पाणी घेतो. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव मिळून आणखी सात लिटर आत ओतलं जातं. या नऊ लिटरांपैकी शौचावाटे बाहेर पडतं ते १०० ते २०० मिलिलिटर. बाकी सगळं परत घेतलं जातं. जेवताना पाणी प्यायल्याने ‘अग्नी विझतो’ का, याचं उत्तर यातच आहे. पेलाभर पाण्याने काही बिघडत नाही. जुलाबात माणूस एका रात्रीत का खंगतो तेही यातूनच कळतं. परत घेण्याचं काम बिघडलं की वाहून जाणारे ते सात लिटर आपल्याच शरीरातले असतात. अशा वेळी आतड्यातली साखर आणि मीठ हातात हात घालूनच आत शिरतात आणि पाण्याला ओढून नेतात, म्हणून मीठ-साखरेच्या पाण्याने जीव वाचतो. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या साथीत सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून हे पाणी वाटलं आणि असंख्य माणसं वाचवली. आपल्याकडे आजाऱ्याला मीठ घालून पेज देतात ती याच वाटेवरची आहे. तरी जुलाबाला ओआरएसचं पाकीट घरात असू द्या, प्रमाण चुकत नाही.

उरतं ते मोठ्या आतड्यात. लांबी दीड मीटर, मुक्काम एक दिवस किंवा त्याहून जास्त. सासूबाईंना सांगा, आंबवण्याचं काम खरंच चालतं, पण इथे, आणि ते हवंच असतं. इथले अब्जावधी जंतू आपल्याला न पचलेला चोथा आंबवतात. त्यातून निघणारी काही आम्लं मोठ्या आतड्याच्या अस्तराचं पोषण करतात, आणि सोबत वायू होतो. दिवसातून दहा-वीस वेळा वायू सरणं हे निरोगी माणसाचं लक्षण आहे. चारचौघांत बोलत नाहीत म्हणून प्रत्येकाला वाटतं आपल्यालाच होतो.

वालात रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या तोडायचं विकर माणसाच्या आतड्यात नाहीच, कुणाच्याही नाही. म्हणून त्या अख्ख्या खाली जातात आणि जंतूंची मेजवानी होते. भिजवलेलं पाणी फेकलं की त्या काही कमी होतात. मोड आणले की अंकुर स्वतःच त्या वापरून टाकतो. सासूबाईंच्या पिढीची पद्धत, रात्रभर भिजवणं, मोड येईपर्यंत फडक्यात बांधणं आणि मग बसून एकेक वाल सोलणं, यासाठी अगदी योग्य आहे. मे महिन्यात पंधरा माणसांच्या धबडग्यात वाल नुसते भिजवून शिजवले गेले असतील तर फुगण्याचं नवल नाही. वाटीभर डाळिंब्या दुपारच्या जेवणात खायच्या, रात्री नाही, हेही त्यांना सोसेल. वर ओवा चघळल्याने त्यांना हलकं वाटत असेल तर जरूर चघळू द्या.

फणसाचंही थोडंफार तसंच. फळातली फ्रुक्टोज साखर एका दमात फार आली तर लहान आतड्याला सगळी शोषता येत नाही, उरलेली खाली जाते. पाच-सहा गऱ्यांनी काही होत नाही. पण बरका फोडला की पाच-सहावर कोण थांबतं? फणसावर पाणी प्यायल्याने पोट फुगतं म्हणतात, हे खरं नाही, फुगतं ते मोजमाप सुटल्याने.

दूध आणि मासे. कोड हा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशींवर उलटल्याने होतो, ताटातल्या जोडीने नाही. बांगड्याचं प्रथिन आणि दुधाचं प्रथिन, दोन्हींचे आतड्यात शेवटी सारख्याच जातीचे तुकडे होतात. ज्यांना मोठेपणी दूध सोसत नाही त्यांना मासे नसतानाही सोसत नाही. सासूबाई पाळत असतील तर पाळू द्या, त्यावर वाद घालण्याइतकं ते महत्त्वाचं नाही.

आता मिस्टरांचं चूर्ण. ‘पोट साफ’ या कल्पनेवर या देशात मोठा धंदा चालतो, आणि मला त्याचा राग आहे हे सरळ सांगते. आतड्याला दात घासल्यासारखं रोज घासावं लागत नाही. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, यातलं काहीही नेहमीचं असू शकतं. फक्त त्रास, कुंथणं, दगडासारखं कडक असं नसावं. बाजारातल्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. ती मोठ्या आतड्याच्या नसांना डिवचून ते पुरतं रिकामं करते. रिकामं झालेलं आतडं परत भरायला दोन-तीन दिवस लागणारच. म्हणजे दुसऱ्या दिवशी होत नाही ते बरोबरच आहे, आत काही नसतंच! पण माणूस घाबरतो आणि पुन्हा चमचाभर घेतो. तुमच्या घरात हे चक्र पाच-सहा वर्षं फिरतं आहे. वर्षानुवर्षं घेतल्याने शरीरातलं पोटॅशियम कमी होऊ शकतं, आणि हृदयाबद्दल शंका असलेल्या माणसाला ते मुळीच परवडत नाही. म्हणून चूर्णाची डबीही डॉक्टरांना दाखवा.

सोडायचं ते हळूहळू, चमच्यावरून अर्ध्यावर, मग एकाआड एक दिवस. सोबत इसबगोल घेता येईल. तो आतड्याला डिवचत नाही, पाणी धरून मळ मऊ करतो, म्हणूनच त्यावर पेलाभर पाणी हवंच. सकाळी चहा-न्याहारी झाली की अर्ध्या तासात मोठं आतडं आपसूक हलतं, ही शरीराचीच सोय आहे. त्या वेळी पेट्या भरायच्या, टेम्पो यायचा, म्हणून ते दाबत असतील. दाबू नये. चवळी, लाल माठ, केळफूल, कुळीथ, आपल्या आगरात आणि बाजारात चोथ्याला काय कमी आहे? पहिला आठवडा-पंधरवडा कुरकुर होईल, ती सोसावी. मात्र या वयात सवय अचानक बदलली, रक्त पडलं किंवा वजन उतरलं, तर आधी तपासणी.

शेवटी तुम्ही. पत्रात सगळ्यांची वयं आहेत, तुमचं नाही. स्वतःबद्दल दोन ओळी आणि वर ‘फार काही नाही’.

तुमचं निदान तुम्हीच अर्धं केलं आहे. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू आवळून बसलेला असतो, आम्ल वर येऊ देत नाही. साडेदहाला जेवायचं, कढईतलं उरलेलं तेलकट कालवण, वर उरलेली सोलकढी, आणि भांडी आवरून अकरा-सव्वाअकराला आडवं. जठर तेव्हा तुडुंब असतं. बसलेल्या माणसाचं आम्ल निदान खाली तरी राहतं, निजलेल्याचं त्या स्नायूपाशी येऊन टेकतं. तो थोडा सैल पडला की घशाशी आंबट. जठराला श्लेष्माचा थर असतो, अन्ननलिकेला तसा नसतो, म्हणून ती जळते. वर्षानुवर्षं चाललं तर तिला इजा होते.

तेव्हा जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत. औषधाआधी हे. कसं जमवायचं? पंगती दोन होत असतील तर तुम्ही पहिल्या पंगतीला बसा. वाढायला पंधरा माणसांत हात नाहीत असं नाही. मुंबईहून आलेल्या नणंदा-भावजयांना आणि पुरुषांनाही भात वाढता येतो. चिरंजीवांना तर पचनसंस्थेचा गृहपाठ म्हणूनच हे काम द्या. ते जमत नसेल त्या दिवशी सात-साडेसातला पेज किंवा मऊभात-मेतकूट खाऊन घ्या आणि मागाहून पुन्हा बसू नका. सासूबाईंना हे विचित्र वाटलं तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून माझं नाव पुढे करा.

सोलकढी दुपारी प्या. आमसूल आंबट, नारळाचा रस स्निग्ध, रात्री तुमच्यासाठी दोन्ही गैरसोयीची. निजताना डाव्या कुशीवर निजा. जठराचा फुगीर भाग डावीकडे असतो, त्या कुशीवर आम्ल तिथेच साठतं, अन्ननलिकेच्या तोंडाशी पोचत नाही. खाटेचे डोक्याकडचे पाय विटांवर सहा-आठ इंच उचलून घ्या. नुसत्या दोन उशांनी मान वाकते आणि पोट जास्त दाबलं जातं. खाण्याचा सोडा पाण्यात घालून पिणं कधीतरी ठीक, रोज नको, त्यात मीठासारखाच सोडियम असतो. हे सगळं करून दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर आम्ल कमी करणारी गोळी डॉक्टरांकडून लिहून घ्या. ती बहुधा सकाळी चहाच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, जळजळ झाल्यावर नाही. घास अडकायला लागला, वजन उतरलं, उलटीत रक्त दिसलं किंवा शी काळी झाली, तर तीन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही शी काळी होते, तेव्हा त्या चालू आहेत हे जाताना आठवणीने सांगा.